भग्न खांदा आणि लाक्षादि गुग्गुळ

खडकीत दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेली वृद्ध मंडळी बरीच आहेत. पडून खांदा दुखावला की ती प्रथम वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतात. एक्स-रे पाहण्यापूर्वी अभ्यंग करणे वा लाक्षादि गुग्गुळाची डबी हाती देणे आम्हांस सर्वथा गैर वाटते. वार्धक्यात अस्थिसंधानास सुश्रुताचार्यांनी तारुण्याच्या तिप्पट, म्हणजे ३ महिन्यांचा काळ सांगितला आहे. हात झोळीत ठेवून पुष्कळ भग्ने जुळतातही. तथापि दंडास्थीच्या शिराचे तुकडे होऊन रक्तपुरवठाच तुटला, तर संधानीय द्रव्ये काय करणार? फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये गोळा व खोबण यांची अदलाबदल करणारा कृत्रिम सांधा योजिला. त्यात निकामी कंडरांऐवजी डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. असा रुग्ण त्याच आठवड्यात अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पोहोचावा. गुग्गुळास जखम भरल्यावर, शल्यतज्ज्ञाच्या संमतीने, अवकाश आहेच.