गोळी घ्या, पण डोळे उघडे ठेवून!



खडी आणि स्लीपर यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजणारा गँगमन असो, जिने चढून टपाल वाटणारा पोस्टमन असो, की रात्रभर उभ्याने थैल्या फोडणारा आर.एम.एस.चा सॉर्टर असो, पन्नाशीच्या आधीच गुडघे आणि कंबर बोलू लागतात. मग रजेचा अर्ज लिहिण्याऐवजी आपण केमिस्टच्या दुकानात जातो. 'एक पेनकिलर द्या' म्हटले की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा असेक्लोफेनॅक हातात पडते. दुखणे थांबते, ड्युटी चालू राहते.

ही औषधे वाईट नाहीत. सूज आणि वेदना ती खरोखर कमी करतात. पण ज्या द्रव्याला रोखून ती सूज उतरवतात, तेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळते. म्हणून जठरात व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो, तोही आधी पोटात न दुखता. जेवून गोळी घेतली किंवा इंजेक्शन घेतले म्हणजे धोका टळला, हा गैरसमज आहे. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या ट्रॅकवरच्या माणसाच्या मूत्रपिंडाला तर ही गोळी अधिकच जड जाते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. याच कारणाने रोफेकॉक्सिब हे औषध 2004 साली जगभरच्या बाजारातून मागे घेतले गेले.

तेव्हा काही पथ्ये पाळाच. डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकते, म्हणून पाकिटावरचे नाव वाचा. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, अल्सर, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. गुडघेदुखीला आधी वरून लावायचे मलम आणि मांडीचे व्यायाम करून पाहा. शौच डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली, छातीत दुखले, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर गोळी बंद करून त्वरित रुग्णालय गाठा. सकाळी तास-तासभर सांधे आखडत असतील तर तो संधिवात असू शकतो. तेथे नुसती वेदनाशामक गोळी सांध्याची झीज थांबवत नाही. वेगळे उपचार लागतात आणि ते लवकर लागतात.

पण सारा दोष कामगाराच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. जागा रिकाम्या, बदली माणूस नाही, सिक मेमो मागितला तर साहेबांच्या कपाळाला आठ्या! अशा वेळी गोळी ही औषध राहत नाही, ती हजेरीची किंमत होते. म्हणून प्रत्येक शाखेने हा प्रश्न हाती घ्यावा. रिक्त पदे भरा, दुखण्याला रजा द्या, सांधेदुखीच्या रुग्णांना हलके काम द्या, नियतकालिक तपासणीत रक्तदाब आणि मूत्रपिंडाची चाचणी नीट करा, ही आपली मागणी असली पाहिजे.

निवृत्तीनंतर पेन्शन घ्यायला स्वतःच्या पायांनी जाता यावे, एवढे तरी आपण मागू शकतो ना?