बीड का सुटते?

जुलैमध्ये मुळशीच्या पलीकडे एका ओढ्यात गाडी अडकली. ३३ बाय १२.५० आर १५ टायर, १० इंची रिम, हवा १२ पीएसआय. आडव्या उतारावर चालकानं स्टेअरिंग कापलं, मागचा डावा टायर कपारीत घसरला आणि फस्सकन बसला. चिखलात हात घालून पाहिलं, तर आतल्या बाजूची बीड, म्हणजे टायरचा रिमवर बसणारा काठ, रिमच्या मधल्या खाचेत उतरलेली आणि तिच्या जागेवर सुपारीएवढे खडे. ते एकेक बोटानं काढले, साबणाचं पाणी लावलं, टायरच्या घेरावर रॅचेटचा पट्टा आवळला, मग कुठे कॉम्प्रेसरच्या हवेनं बीड धरली. दोन तास गेले आणि तोवर पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत आलं होतं.

त्या रिम मीच सुचवल्या होत्या. तक्त्याप्रमाणे त्यांत चूक काहीच नव्हती. म्हणूनच हा विषय या महिन्यात घेतो आहे.

टायरची छापील रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते, तिला मापाची रिम म्हणू. ३३ बाय १२.५० साठी ती १० इंचांची, आणि बहुतेक कंपन्या ८.५ ते ११ इंच चालेल असं सांगतात. ३१ बाय १०.५० साठी मापाची रिम ८.५ आणि मर्यादा ७ ते ९. रिम अर्धा इंच बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरनं बदलते. पण हा तक्ता भरलेल्या हवेचा आहे. हवा उतरवलेल्या टायरचं काय होतं, ते त्यातून कळत नाही.

रिम रुंद असली की टायरची भिंत जवळजवळ उभी राहते. गाडी आडवी सरकली की टायरचा जमिनीला चिकटलेला पट्टा भिंतीला ओढतो आणि भिंत सरळ बीडला ओढते. रिम थोडी अरुंद असेल तर भिंत रिमच्या कडेबाहेर फुगते. तो फुगवटा आधी मुरडतो, ताण बराचसा तिथेच जिरतो आणि बीड कडेला टेकून राहते. दगड घासला तरी आधी रबराला लागतो, रिमची कड वाकत नाही. याची किंमतही आहे. सह्याद्रीतल्या ताज्या फुटलेल्या काळ्या दगडाची धार फुगलेल्या भिंतीला कापू शकते. तरीही कापलेली भिंत आणि ओढ्यात सुटलेली बीड यांत मला पहिली जोखीम परवडते, कारण ती क्वचित येते.

म्हणून माझं मत असं: गिऱ्हाईक खरोखर हवा उतरवून दगडात आणि चिखलात जाणार असेल, तर मापाच्या रिमपेक्षा एक ते दीड इंच अरुंद रिम द्या. १२.५० ला ८.५ किंवा ९, १०.५० ला ७ किंवा ७.५. आइसलँडमध्ये बर्फावर तरंगायला मोठ्या टायरखाली खूप रुंद रिम घालतात. तिथे ते योग्यच आहे. आपल्याकडे तसा बर्फ नाही, तरी रुंद रिमची हौस आली आहे.

मर्यादेच्या खाली मात्र कधीच जाऊ नका. १५ बाय ८ ची रिम बाजारात सहज मिळते म्हणून १२.५० तिच्यावर चढवतात, तेही चूकच. जिप्सीच्या मूळच्या ५.५ इंची रिमवर ३१ बाय १०.५० चढवलेला मी पाहिला आहे. असा टायर मधे फुगतो, रस्त्याला पट्ट्याचा मधलाच भाग टेकतो, तोच झिजतो आणि हमरस्त्यावर गाडी पोहल्यासारखी डोलते. परवानगीच्या रिमवरही खडूची परीक्षा घ्याच. पट्ट्यावर आडवी जाड रेघ ओढायची, सपाट डांबरावर गाडी थोडी सरळ चालवायची आणि रेघ कुठे पुसली ते पाहायचं. फक्त मधे पुसली असेल तर गाडीच्या वजनाला झेपेल इतपतच हवा कमी करा. जे गिऱ्हाईक वर्षभर हमरस्त्यावर धावतं आणि डोंगरात दोनदाच जातं, त्याला मापाचीच रिम द्या.

मोजण्यातही घोळ होतो. रिमची रुंदी बीड बसते त्या दोन जागांमधली, म्हणजे कडांच्या आतली. बाहेरून टेप लावली तर साधारण एक इंच जास्त भरतं. नऊ इंची म्हणून आलेली जुनी रिम निम्म्या वेळा आठची निघते.

शिवाय ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर. ७ ची रिम काढून त्याच ऑफसेटची ८ ची घातली, तर दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढतात. त्यातच ऑफसेट २५ मिलिमीटरनं कमी केला तर बाहेरची कड जवळपास ३८ मिलिमीटर पुढे येते. मग बेअरिंगवर भार वाढतो, प्रत्येक दगडाला स्टेअरिंग हातातून ओढलं जातं आणि चिखल दारावर उडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या नोंदीपलीकडच्या बदलांना मनाई करतं, हेही गिऱ्हाइकाला बिलाआधी सांगा.

जॉब कार्डावर टायर आणि रिमच्या मापाशेजारी एक रकाना वाढवा: ‘डोंगरात हवा किती ठेवणार?’ मुळशीच्या त्या गाडीच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. आता तिला ८.५ च्या रिम आहेत.