यंत्राच्या मागे माणूस हवा

पक्षाघाताचा झटका आला की पहिले साडेचार तास लाखमोलाचे, हे आता सुशिक्षित घरांतून बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः त्या मुदतीतच द्यावे लागते. म्हणून रुग्णवाहिका धावते, नातलग धावतात, डॉक्टर घड्याळ लावून काम करतात. परंतु प्राण वाचून रुग्ण घरी आला की पुढे जे महिने सुरू होतात, त्यांचा हिशेब कोणीच ठेवीत नाही. उजवा हात लुळा पडलेला, पाय ओढत टाकायचा, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडलेले. काल ज्याच्या सहीवर कचेरी चालत होती, त्याला आज सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. पंचविशी ओलांडलेल्या चार माणसांत एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आघात गाठतो, असा जागतिक अंदाज आहे. म्हणूनच हा प्रश्न आम्ही आज पहिल्या पानावर मांडीत आहोत.

मेंदूतील मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेले भाग हरवलेले काम पुन्हा शिकू शकतात. हे शिक्षण पाटीवर अक्षर गिरविण्यासारखे आहे. तीच हालचाल शेकडो वेळा करावी, चुकली तर कोणी तरी बोट धरून सुधारावी, तेव्हा वळण लागते. आमच्या शहरात मात्र हे गिरविणे रस्त्यातच थांबते. तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाड, इमारतीला उद्‌वाहन नाही, दोन माणसांनी रजा काढून रुग्णाला खाली उतरवायचे, टॅक्सी करून रुग्णालय गाठायचे आणि अर्ध्या तासाचा व्यायाम करून परतायचे. दोन महिन्यांत घरची सारी माणसे थकतात आणि उपचार बंद पडतो.

येथे नवी साधने उपयोगी पडतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फिजिओथेरपिस्ट समोरासमोर भेटतो, चित्रफीत पाहून व्यायाम करता येतो, मनगटावरील यंत्र हात किती वेळा हलला ते मोजते. कोणी म्हणेल, ही तर उंटावरून शेळ्या हाकण्याची रीत झाली. पण अनुभव तसा नाही. अमेरिकेत १२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांनी रुग्णालयात, तर निम्म्यांनी घरी दूरसंपर्काने हाताचे व्यायाम केले. प्रत्येकाची सत्रे ३६. हाताची सुधारणा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच झाली.

एवढे वाचून कोणी टाळ्या पिटण्यापूर्वी दुसरी बाजू पाहावी. त्या ३६ सत्रांपैकी १८ सत्रे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली होती. घरच्या पडद्यावरही तो हजर होता. आता आपल्याकडचा दाखला घ्या. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेथे यंत्रे नव्हती. नातलगांना शिकवून व्यायामाची धुरा त्यांच्यावर सोपविली होती. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीचे उपचार घेणारे आणि हे रुग्ण यांत फरक आढळला नाही. दोन्ही गटांत शेकडा ४७ रुग्ण मृत तरी झाले होते किंवा परावलंबी तरी राहिले होते. दोन देश, दोन पद्धती; त्यांची सरळ तुलना होणार नाही. तरी आम्ही एक बोध घेतो. घरच्यांची माया अमोल आहे, पण ती तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. आणि जे मायेला साधले नाही, ते नुसत्या ॲपला साधेल असे मानण्यास आधार नाही.

आमची भीती नेमकी हीच आहे. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात एक ॲप ठेवायचे आणि जबाबदारीतून मोकळे व्हायचे, हा मार्ग स्वस्त असल्यामुळे मोह पाडणारा आहे. त्याचा भार शेवटी घरातल्या पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. त्यातून वाचा गेलेल्या माणसाचे दुःख आणखी निराळे. ज्याची मराठी हरवली आहे त्याला इंग्रजी शब्दांचे खेळ देऊन काय उपयोग? त्याला ‘पाणी’, ‘चहा’, ‘आई’ हे शब्द परत हवे आहेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रुग्णाला घरी पाठविताना प्रत्येक रुग्णालयाने त्याच्यासाठी एक तज्ज्ञ नेमून द्यावा आणि पडद्यावरील भेटीचे वार ठरवून द्यावेत. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेत फिजिओथेरपी आणि वाचोपचार यांना हक्काचे स्थान मिळावे. महापालिकांनी या तज्ज्ञांची पदे निर्माण करावीत आणि ती भरावीत. साधनांची भाषा मराठी असावी. यंत्राने तिसऱ्या मजल्याचा जिना वाचवावा, यास आमची हरकत नाही. जिन्याबरोबर त्याने माणूसही वाचविला, तर मात्र ती काटकसर नव्हे, रुग्णाशी केलेली प्रतारणा ठरेल.