दाराबाहेरच्या चार पायऱ्या

पायरी चुकून पडलेला रुग्ण दवाखान्यात आला, म्हणजे जखम पाहता पाहता मी एक प्रश्न हमखास विचारतो : कितवी पायरी चुकली? बहुतेक जण आधी गोंधळतात. डॉक्टरांना पायरीशी काय कर्तव्य, असा भाव चेहऱ्यावर उमटतो. मग थोडे आठवून उत्तर येते आणि ते बहुधा दोनांपैकीच एक असते. एक तर रस्त्यालगतची अगदी खालची पायरी, नाहीतर उंबरठ्यालगतची अगदी वरची. मधल्या पायरीवरून पडलेले रुग्ण माझ्या अनुभवात फारच थोडे. बुधवार पेठेत इतकी वर्षे व्यवसाय केल्यावर या उत्तराचे मला नवल वाटत नाही. त्यामागचे कारण मात्र प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे, कारण त्याचे मूळ आपल्या पायांत कमी आणि गवंड्याच्या हिशेबात अधिक आहे.

चालताना आपण पाऊल किती उचलतो, याची आपल्याला जाणीव नसते. सपाट जमिनीवर चालताना चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून पुढे सरकतो. शरीर काटकसरी आहे, ते गरजेपेक्षा अधिक श्रम करीत नाही. पायऱ्यांवरही तेच. पहिल्या एक-दोन पायऱ्यांची उंची पाय मोजून घेतात आणि पुढच्या पायऱ्या तेवढ्याच उंचीच्या असतील असे गृहीत धरून चालतात. डोळे तोवर समोरच्या रिक्षाकडे किंवा हातातील पिशवीकडे वळलेले असतात. अशा वेळी एखादी पायरी दोन सेंटिमीटरने उंच निघाली, तर चढताना चवडा अडकतो. ती बुटकी निघाली, तर उतरताना जमीन अपेक्षेआधी येते आणि गुडघ्याला हिसका बसतो. ती खोल निघाली, तर पाऊल क्षणभर पोकळीत पडते. पंचविशीतला माणूस स्वतःला सावरतो. पंचाहत्तरीतल्या माणसाला सावरायला लागणारा तो अर्धा सेकंद मिळत नाही.

आता गवंड्याच्या हिशेबाकडे वळू. जोते रस्त्यापासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि त्याला १५ सेंटिमीटरचे चार टप्पे काढले आहेत, असे समजा. काँक्रीटचे काम बिनचूक झाले. पुढे दिवाळीच्या तोंडावर घरात टूम निघते की पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसवावा. दगड दोन सेंटिमीटर आणि खालचा माल तीन सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक पायरी ५ सेंटिमीटरने वर उचलली गेली. मधल्या पायऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही, कारण खालची आणि वरची दोन्ही सारख्याच उचलल्या गेल्या. मात्र रस्ता होता तिथेच राहिला आणि घरातील फरशीही होती तिथेच राहिली. म्हणून रस्त्यावरून पहिल्या पायरीचा चढ १५ ऐवजी २० सेंटिमीटर झाला आणि शेवटच्या पायरीवरून उंबरठ्याचा चढ अवघा १० उरला. पायऱ्या नव्या व चकचकीत झाल्या आणि त्याबरोबर दोन्ही टोकांना दोन सापळे तयार झाले.

आपल्या पेठांत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडत आली आहे. रस्ता उंच होतो. डांबरावर डांबर चढत गेले, पुढे अनेक गल्ल्यांत काँक्रीट आले आणि जुना थर खरवडून काढण्याची तसदी दर वेळी घेतली गेली नाही. काळ्या पाषाणाच्या घडीव जोत्यावर ऐटीत उभे असलेले कित्येक वाडे आज रस्त्यात रुतल्यासारखे दिसतात. काही ठिकाणी तर रस्ताच उंबरठ्यावर आला असून पावसाळ्यात घरात पाणी शिरू नये म्हणून दारात वीट लावून बांध घालावा लागतो. जिथे पायऱ्या शिल्लक आहेत, तिथे खालची पायरी अर्धी गिळली गेली आहे. १५ सेंटिमीटरची ७ उरली, की ती पायरी आहे की नुसता उंचवटा, हे संध्याकाळच्या उजेडात साठीच्या डोळ्यांना कळत नाही. (वाड्यांच्या आतील जिने याहून उभे आणि अंधारे असत, हे खरे, पण त्यांत धरायला वरून दोर सोडलेला असे. नव्या इमारतीच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांजवळ धरायला काहीच नसते, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.)

पडून हाड मोडणे ही झाली उघड हानी. तिच्याहून अधिक नुकसान न पडलेल्या माणसांचे होते, असे माझे मत आहे. माझ्या एका रुग्ण आजींचे वय ७४. रोज संध्याकाळी तांबड्या जोगेश्वरीला जाऊन यायचा त्यांचा नेम होता. दारातली खालची पायरी खचून पुढे कलली होती. एकदा तोल गेला, पण चौकट हाताला लागल्याने पडल्या नाहीत. तेव्हापासून जाणे दिवसाआड झाले, मग मंगळवार-शुक्रवारपुरते उरले आणि पुढे सणावारी कोणी हात धरायला असले तरच. घरच्यांना यात काही वावगे वाटले नाही. वयोमानाने होतेच, असे त्यांचे म्हणणे. वर्षभराने त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हात टेकावे लागत होते. मांड्यांचे स्नायू वापरले नाहीत की झिजतात. स्नायू झिजले की तोल बिघडतो, आणि तोल बिघडला की माणूस अधिकच घरात बसतो. झोप उडाली होती, भूक मंदावली होती, बोलणेही कमी झाले होते. त्यांच्या मुलाला मी औषधाच्या चिठ्ठीवर आधी पायरी दुरुस्त करून घेण्यास लिहून दिले. तो हसला, पण त्याने काम केले.

ते काम कसे करावे, हे आता सांगतो. मी स्थापत्यविशारद नाही, पण शरीराला काय झेपते ते मला ठाऊक आहे आणि नियमांतील मापे त्याला धरूनच आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या घरासाठी पायरीची उंची १९ सेंटिमीटरहून अधिक आणि पाऊल ठेवण्याची रुंदी २५ सेंटिमीटरहून कमी नसावी, असे म्हटले आहे. ही शेवटची मर्यादा होय. घरात वयस्कर मंडळी असतील, तर १५ उंची आणि ३० रुंदी हे प्रमाण धरावे. फ्रान्सच्या ब्लाँडेल या वास्तुतज्ज्ञाने सतराव्या शतकात माणसाच्या पावलावरून एक सूत्र बसवले होते : उंचीची दुप्पट अधिक रुंदी म्हणजे एक पाऊल. आजच्या मापात हे साधारण ६० ते ६३ सेंटिमीटर येते. १५ आणि ३० यांत ते चपखल बसते.

आपल्याकडे अडचण जागेची. ६० सेंटिमीटरच्या जोत्याला तीन पायऱ्या आणि चौथा चढ उंबरठ्याचा, म्हणजे बाहेर ९० सेंटिमीटर जागा हवी. गल्लीत ती असते कुठे? मग पायऱ्या अरुंद आणि उभ्या केल्या जातात किंवा सरळ पदपथावर आणून ठेवल्या जातात. दुसरा उपाय बेकायदा तर आहेच, शिवाय तो आपला धोका शेजाऱ्याच्या आणि एखाद्या अंध पादचाऱ्याच्या पायात टाकणे आहे. शक्य असेल तिथे पायऱ्या भिंतीला समांतर, बाजूने चढत्या कराव्यात किंवा दार आत सरकवून त्या घराच्या हद्दीत घ्याव्यात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा, असे अनेक जण सुचवतात. उताराचे योग्य प्रमाण बारास एक. ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबीचा उतार लागेल, तेवढी तर आमची गल्लीही रुंद नाही. दोन-तीन फुटांची फळी टाकून केलेला उतार मात्र कोणी वापरू नये. त्यावरून खुर्ची मागे कलंडते.

जुन्या पायरीवर नुसता सिमेंटचा थर चढवून घेणे स्वस्त पडते, पण खालची माती बसलेली असेल तर तो थर वर्षभरात तडकतो. भेग पडलेली कड तुटली की पायरी पूर्वीहून वाईट. खचलेली पायरी काढून टाकावी, खाली मुरूम-खडी धुम्मस करून घट्ट बसवावी आणि सगळ्या पायऱ्यांचे काँक्रीट शक्यतो एकाच दिवशी, एकसंध घालून घ्यावे. त्याआधी वर काय बसणार हे ठरवावे आणि त्याची जाडी गवंड्याला आधी सांगावी. मोजमाप तयार फरशीपासून तयार रस्त्यापर्यंत धरावे. गल्लीत रस्त्याचे काम व्हायचे असेल, तर पायऱ्यांसाठी ते होईपर्यंत थांबावे. घातलेल्या काँक्रीटवर गोणपाट टाकून किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट असेल किंवा उन्हाळा असेल तर १० दिवस पाणी मारावे. कंटाळून दुसऱ्या दिवशी सोडून दिलेल्या पायरीचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि कडा आधी झडतात.

पृष्ठभागाबाबत माझा आग्रह अधिक आहे. आरशासारखा ग्रॅनाइट दाराबाहेर नको. पुण्यात जून ते सप्टेंबर तो ओलाच असतो, त्यात शेवाळ. खरवडलेली शहाबादी फरशी किंवा झाडूने ओढून खरखरीत केलेले साधे काँक्रीट दिसायला गरीब असेल, पण त्यावर पाय टिकतो. पायरीला पुढे किंचित उतार असावा, म्हणजे पाणी साठणार नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या, ठळक रंगाची दोन बोटे रुंद पट्टी ओढावी. मोतीबिंदू असलेल्या माणसाला एकरंगी पायऱ्या हा एकच घसरता उतार दिसतो. दुभिंगी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून खाली पाहिले तर पायरी धूसर दिसते. अशांनी उतरताना मान वाकवून चष्म्याच्या वरच्या भागातून पाहावे.

आणि कठडा. हाताची पकड बसेल अशी साधारण ४ सेंटिमीटर व्यासाची गोल नळी, पायरीच्या कडेपासून ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर, शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर तरी वाढवलेली. शोभेच्या जाड चौकोनी पट्ट्या हातात मावत नाहीत. चढण्यापेक्षा उतरताना लोक अधिक पडतात, म्हणून एकाच बाजूला लावायची असेल तर उतरताना वृद्धांच्या बळकट हाताला येईल त्या बाजूला लावावी. पक्षाघातानंतर एक बाजू अधू झालेल्यांच्या घरी तर ती दोन्ही बाजूंना हवी.

काम चालू असतानाचे दिवस कोणी मोजत नाही. तेव्हा दारात डुगडुगती फळी असते, मुले त्यावर उड्या मारतात आणि आजोबांना पेन्शनला जायचेच असते. काँक्रीट घालायच्या दिवसापासून तीन दिवस वृद्धांनी बाहेर पडू नये, हे आधीच ठरवून औषधे-भाजी आणून ठेवावी. ओले सिमेंट तीव्र अल्कली आहे. ते पायाला लागले तर लगेच दुखत नाही, काही तासांनी कातडी भाजल्यासारखी होते. लागताच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात उडाले तर वीस मिनिटे पाण्याची धार धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लिंबू-व्हिनेगर लावू नये. आपल्याकडे येणाऱ्या बिगारी बायका अनवाणी मालात उभ्या असतात. त्यांच्या पायांवरचा इसब मी नेहमी पाहतो. गमबूट आणि हातमोजे घरमालकाने दिले तर फार खर्च नाही. जुनी पायरी फोडताना आणि दगड कापताना पाणी मारून घ्यावे, कारण त्या धुळीतील सिलिका फुप्फुसात कायमची बसते. दमेकऱ्यांनी त्या दिवशी दुसरीकडे जावे, हे उत्तम.

पायरी नीट झाल्यावरही कोणी पडत असेल, तर पायरीला बोल लावू नये. रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची औषधे घेणाऱ्यांचा रक्तदाब उभे राहताच घसरू शकतो. तो आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजून घ्यावा. वरचा आकडा २० ने उतरला तर औषधांचा फेरविचार हवा. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना गेलेली असते, पायरीची कड पायाला कळतच नाही. आणि वृद्ध व्यक्ती पडल्यावर एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर तिला उभे करून पाहू नका. खुब्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि शस्त्रक्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत झाली तर माणूस पुन्हा चालतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याचे डोके आपटले, तर तो कितीही ठीक दिसला तरी रुग्णालयात न्यावे.

जोगेश्वरीच्या त्या आजींच्या दारात आता चार सारखे टप्पे आणि एक साधी लोखंडी नळी आहे. नळीला त्यांनी पिवळा रंग द्यायला लावला. त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम मी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा सांगितला होता. तो त्या करीत नाहीत, असे सूनबाईंची तक्रार आहे. मात्र देवळात त्या रोज जातात आणि परतताना तुळशीबागेत वळतात, हीदेखील सूनबाईंचीच तक्रार आहे.