मुक्काम आणि नांदणूक

आमच्या देवळ्यांत अलीकडे एका मताला पुराव्याची गरज उरलेली नाहीं. दुबई हें राहण्यास उत्तम शहर होय, असें कोणीं म्हटलें कीं बैठकींतले सर्व लोक मान डोलावतात. आणि या मान डोलावण्यावर मुलींचीं लग्नें ठरूं लागलीं आहेत. गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्याच्या घरीं सोयरिकीच्या बोलण्यांना मी हजर होतों. मुलीसाठीं दोन स्थळें पुढें आलीं होतीं. एक मुलगा लोहोणेरकडचा. गिरणेच्या कांठीं सहा एकर बागाईत, शेतकीचा पदवीधर, निर्व्यसनी. दुसरा दुबईंत एका बांधकाम कंपनींत नकाशे काढणारा. पहिल्याची चौकशी अर्धा तास चालली. विहिरीला वैशाखांत पाणी किती, कांद्याचे पैसे हातीं किती उरतात, धाकट्या भावाचा वांटा किती, सारें विचारून झालें. दुसऱ्याबद्दल एकच प्रश्न निघाला : मुलीचा व्हिसा केव्हां होईल? ती तेथें राहील कशी, किती वर्षें, आणि मग पुढें काय, हें कोणालाही विचारावेंसें वाटलें नाहीं. उत्तम शहरांत राहणार, एवढ्यांत सर्व आलें.

हें मत मला मान्य नाहीं, आणि तें कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

दुबईची ही कीर्ति पसरविली कोणीं, हें आधीं पाहूं. ती मुख्यतः पाहुण्यांनीं पसरविली आहे. २०२४ या एका वर्षांत त्या शहरीं मुक्काम करून गेलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या १ कोटी ८७ लाखांवर होती. शहराची स्वतःची वस्ती त्या वेळीं चाळीस लाखांच्याही आंत. हे पाहुणे बहुधा थंडीच्या महिन्यांत येतात, ८२८ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर चढून छायाचित्र काढतात, वाळूच्या टेकड्यांवर मोटारींतून उड्या मारून घेतात, सोन्याच्या बाजारांत एक फेरी टाकतात आणि पांचव्या दिवशीं घरीं येऊन सांगतात कीं राहावें तर असें! अशांची साक्ष कोणत्या न्यायालयांत टिकेल? चैत्राच्या यात्रेला सप्तशृंगीच्या गडावर एक रात्र काढून आलेल्या माणसानें गडावरच्या संसाराविषयीं बोलूं नये. श्रावणांतल्या धुक्यांत ओल्या भिंतींशीं झोंबत जो तेथें दुकान मांडून बसतो, त्याला विचारावें. पाहुण्याला शहर आपली ओसरी दाखवितें. माजघर कसें आहे हें त्याला कळण्याचें कारण नसतें, आणि त्याची त्याला गरजही नसते.

परंतु दुबईची निंदा करणारे जे दुसरे गृहस्थ आपल्यांत आहेत, त्यांचेंही मला पटत नाहीं. ‘वाळवंटांत कसली आली संस्कृति?’ असें म्हणून ते नाक मुरडतात. ज्या तालुक्यांतल्या पूर्वेकडील खेड्यांना चैत्र लागतांच टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्याच्या रहिवाशांनीं तरी दुसऱ्याच्या कोरडेपणाला हंसूं नये. दुबईंत वर्षाकाठीं शंभर मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोड्या पाण्याची नदी नाहीं, तळें नाहीं. तरी जेबेल अली येथें समुद्राचें पाणी गोडें करून तें घरोघर नळानें पोंचविलें जातें. आमच्या उशाशीं गिरणा, वरच्या अंगाला चणकापूरचें धरण, आणि आमच्या बायका हंडे घेऊन उभ्या! लाज वाटावयाची असेल तर ती कोणाला, हें वाचकांनींच ठरवावें. १६ एप्रिल २०२४ रोजीं तेथें अतोनात पाऊस होऊन विमानतळ पाण्यांत बुडाला, तेव्हां आमच्याकडे कित्येकांना गुदगुल्या झाल्या. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनीं पाहिली आहे त्यांना त्या होऊं नयेत.

संस्कृतीचें म्हणाल, तर दुबईचा आणि आपला संबंध आजचा नाहीं. तेल सांपडण्यापूर्वीं त्या किनाऱ्याचा व्यापार मोत्यांचा होता आणि त्या मोत्यांची पेठ मुंबई होती. १९६६ पर्यंत तेथें हिंदुस्थानच्या रुपयाचें चलन चालत असे. दुसरें विश्व मराठी साहित्य संमेलन २०१० सालीं दुबईंतच भरलें आणि त्याचें अध्यक्षपद मंगेश पाडगांवकरांनीं भूषविलें. २०२२ सालीं जेबेल अलीला हिंदूंचें मोठें मंदिर उघडलें. मराठी कुटुंबें तेथें गणपति बसवितात, दिवाळीला फराळाचीं ताटें शेजारीं पाठवितात. रात्रपाळी संपवून घरीं जाणारी परिचारिका तेथें निर्धास्तपणें चालते; आमच्या बसस्थानकावर सांजवेळीं उभ्या असलेल्या मुलीला तो निर्धास्तपणा अजून लाभावयाचा आहे. पगार वेळेवर होतो, त्यावर प्राप्तीचा कर नाहीं, आणि त्या पैशांवर कसमादे पट्ट्यांतल्या कित्येक घरांवर स्लॅब पडला आहे. हें सर्व खरें आहे आणि तें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. कष्ट करण्यास व चार पैसे गांठीं मारण्यास दुबई चांगली आहे. वाद त्याविषयीं नाहींच.

वाद ‘राहणें’ या शब्दाविषयीं आहे. आपल्या भाषेनें यासाठीं एक वेगळा शब्द लेकीबाळींकरितां राखून ठेवला आहे : नांदणें. लेक सासरीं ‘राहते’ असें आपण म्हणत नाहीं, ती नांदते. नांदणें म्हणजे त्या घरांत आजारी पडण्याचा, म्हातारें होण्याचा, रुसण्याभांडण्याचा, आणि हातून उपयोगाचें कांहींएक होत नसतांही पानावर बसण्याचा हक्क असणें. जेथें हा हक्क नाहीं तेथें माणूस कितीही सुखांत असो, तो मुक्कामाला आहे. या कसोटीला दुबई उतरत नाहीं. आणि ती चुकून नव्हे, तर त्या शहराच्या घडणींतच तें आहे. अमिरातींत मूळचे नागरिक सुमारें दहांत एक. बाकीची सारी वस्ती परवान्यावरची. नोकरदाराचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली कीं पूर्वीं तीस दिवसांत चंबूगबाळें आवरावें लागे. २०२२ च्या सुधारणेनंतर वर्गपरत्वें साठ ते एकशेंऐंशीं दिवसांची सवड मिळते. तीस वर्षें कांठोकांठ काम केलेल्या माणसालाही ही सवड दिवसांतच मोजली जाते, हें विसरूं नये.

माझा एक भाचा तेथें एकोणीस वर्षें होता. चांगला हुद्दा, चांगलें घर, दोन्ही मुलें तेथेंच शिकलीं. एकदां मी त्याच्याकडे महिनाभर राहिलों होतों. घरांत सर्व कांहीं होतें, पण कपडे ठेवण्याचें कपाट तेवढें मोडक्या फळ्यांचें, कोणाकडून तरी जुनें घेतलेलें. मीं विचारलें तर सूनबाई हंसून म्हणाली, “मामा, दरवर्षीं ठरवतों चांगलें घ्यायचें. मग वाटतं, उद्यां जायची वेळ आली तर न्यायचं कसं?” एकोणीस वर्षें या बाईनें कपाट घेतलें नाहीं. तिला कोणी छळलें नव्हतें, हांकललें नव्हतें. शहरानें तिच्याशीं एकही वांकडा शब्द उच्चारला नव्हता. फक्त ‘तूं येथली’ एवढेंही तें कधीं म्हणालें नव्हतें.

तेथल्या इतिहासांतही हें वेळोवेळीं उघडें पडलें आहे. २००९ च्या नोव्हेंबरांत दुबईच्या सरकारी कंपनीनें आपल्या कर्जाची फेड लांबणीवर टाकण्याची विनंति केली, शेजारच्या अबू धाबीनें दहा अब्ज डॉलर देऊन हात दिला, आणि जानेवारी २०१० मध्यें मनोऱ्याचें उद्‌घाटन झालें तेव्हां ‘बुर्ज दुबई’ हें त्याचें नांव बदलून अबू धाबीच्या अधिपतींच्या नांवानें ‘बुर्ज खलीफा’ झालें. मनोऱ्याचें नुसतें नांव बदललें. ज्यांच्या नोकऱ्या त्या मंदींत गेल्या त्या परदेशी माणसांचा तर पत्ताच बदलला. पुढें २०२० च्या महामारींत, मे महिन्यापासून सरकारनें विमानें पाठवून आपलीं माणसें परत आणलीं. त्यांत पहिल्या दिवसाचीं विमानें अबू धाबीहून आणि दुबईहूनच निघालीं होतीं. संकट आलें कीं माणूस जेथें धांवतो, तें त्याचें घर. ज्या शहरांतून तो धांवत सुटतो त्याला उत्तम वसतिस्थान कसें म्हणावें?

यावर उत्तर तयार असतें : आतां ‘गोल्डन व्हिसा’ निघाला आहे! निघाला आहे खरा. घर घेऊन तो मिळवावयाचा तर वीस लाख दिरहमांची मिळकत लागते. आजच्या भावानें ती साडेचार कोटी रुपयांच्या वर जाते. त्या बदल्यांत दहा वर्षांचा परवाना. पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांसाठींही एक सोय आहे, तिला दहा लाख दिरहमांची ठेव किंवा मिळकत दाखवावी लागते, आणि तिची मुदत पांच वर्षें. नागरिकत्वाचें दार २०२१ सालीं किलकिलें झालें, परंतु तें आंतल्या माणसानें नांव सुचविल्यावांचून उघडत नाहीं; बाहेरून कडी वाजविण्याची सोय त्याला नाहीं. साडेचार कोटी रुपये ज्याच्यापाशीं आहेत त्याला नांदावयास जगांत कोठेंही जागा मिळेल, त्याच्यासाठीं मला लिहिण्याचें कारण नाहीं. मी लिहितों तें देवळ्यांतल्या त्या बापासाठीं, जो नकाशे काढणाऱ्या जांवयाच्या भरंवशावर दोन एकर विकून तेथल्या ‘फ्लॅट’चा पहिला हप्ता भरूं पाहतो. आणि जे त्या फ्लॅटच्या विटा उन्हांत वाहतात, ज्यांच्यासाठीं १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारीं अडीच तास उघड्यावरचें काम बंद ठेवण्याचा कायदा करावा लागला, त्यांना तर ‘हें शहर राहण्यास कसें आहे’ हा प्रश्नच कोणी विचारीत नाहीं.

दुसरें एक उत्तर अधिक वजनदार आहे. ‘मुंबईंत तरी आपण कोण मूळचे? पोट भरण्यास गेलों आणि तेथलेच झालों.’ उदाहरण चांगलें आहे, पण तें माझ्या बाजूचें आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांनीं संप केला. संप फसला, गिरण्या मेल्या, हजारोंची रोजी गेली. परंतु रोजी गेली म्हणून कोणीं त्यांना साठ दिवसांत मुंबई सोडा असें सांगितलें नाहीं. ते परळ-लालबागच्या चाळींत अर्धपोटीं राहिले, मोर्चे काढीत राहिले, मतें देत राहिले; आणि तीस वर्षांनीं कां होईना, २०१२ सालीं त्यांच्या घरांची पहिली सोडत सरकारला काढावी लागली. मुंबईनें त्यांना सुख दिलें नाहीं, न्यायही उशिरां आणि थोडा दिला. पण भांडण्याचा हक्क दिला. दुबईंत रस्ते मुंबईहून शतपट गुळगुळीत आहेत, आणि संप करण्याची सोय नाहीं. ज्या घरांत भांडतां येत नाहीं तेथें लेक द्यावी काय, हें आपल्या आज्यांना विचारा.

आतां देवळ्याविषयीं. मातृभूमीचे गोडवे गाऊन मला हा वाद जिंकावयाचा नाहीं. आमचे हाल आम्ही जाणतों. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली आणि उमराण्याच्या बाजारांत भाव कोसळले. मार्च २०२४ मध्यें, बंदी चालू असतांच, अमिरातींसाठीं मात्र १४,४०० टनांची खास परवानगी निघाली. मे महिन्यांत बंदी उठली ती चाळीस टक्के कर मागें ठेवून; तो कर पुरता जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावें लागलें. म्हणजे पाहा, ज्या शहराला आम्ही स्वर्ग म्हणतों त्याच्या ताटांत आमचा कांदा आहे, आणि त्या कांद्यांत आमच्या विहिरीचें पाणी आहे. वाळवंट आमच्या विहिरी पितें, आम्ही त्याच्या पगारावर घरें बांधतों, आणि त्या घरांत राहण्यास कोणी नाहीं म्हणून कुलूप लावतों. अशीं कुलुपें आमच्या आळींत आतां सहज मोजतां येतात. जी तरुण पिढी येथें राहून चाऱ्यांच्या पाण्यासाठीं, चाळींतल्या सडत्या कांद्यासाठीं, बाजारसमितीच्या कारभारासाठीं भांडली असती, तिला आम्हीच सांगतों कीं बाबा, तूं जा, येथें राहण्यासारखें कांहीं नाहीं. मग येथें राहण्यासारखें कांहीं व्हावें तरी कोणाच्या हातून?

मुलांनीं जाऊं नये असें मी म्हणत नाहीं. जावें, दहा वर्षें राबावें, पैसा आणावा, तेथली शिस्तही आणावी. मुक्कामाला जावें आणि मुक्काम म्हणून जावें. माझी तक्रार त्या वडीलधाऱ्यांविषयीं आहे जे मुक्कामाला नांदणूक म्हणतात, जमीन विकून परवाना विकत घेतात, आणि गिरणेकांठच्या सहा एकरांची अर्धा तास उलटतपासणी करून वाळवंटाला एक प्रश्नही विचारीत नाहींत.

त्या दिवशीं तो प्रश्न शेवटीं मींच विचारला. मुलाच्या वडिलांना म्हटलें, “नाना, राग मानूं नका. मुलगा आज तिशींत आहे. साठीला आला म्हणजे कुठं असेल?”

नाना मोकळेपणानें हंसले. “कुठं म्हणजे? इथंच येईल कीं, गुरुजी! देवळ्याला. म्हातारपणीं तिथं कोण ठेवून घेतंय?”

तोंवर त्यांच्या विहिरीचें काय झालेलें असेल, हें मी विचारणार होतों, इतक्यांत चहा आला आणि बोलणें मंगल कार्यालयाच्या तारखेकडे वळलें.