पावलं मोजणारं घड्याळ काही दिवसांत कपाटात का जातं? उत्तर नातेपुत्याच्या पालखी मुक्कामात सापडतं

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यातल्या बरडहून निघते, धर्मपुरीत सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात मुक्कामाला थांबते. हा टप्पा साधारण २० किलोमीटरचा. चालणाऱ्यांत रोज रानात राबणारे शेतकरी असतात, तसे वर्षभर खुर्चीत बसून काम करणारेही असतात. अडीच-तीन आठवडे सगळे रोज चालतात. पण घरी परतल्यावर दिवसाला अर्धा तास चालणंही अनेकांना जड जातं.

असं का होतं? आणि मोबाइल किंवा स्मार्टवॉच इथे काही मदत करू शकतं का?

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला हवा. भरभर चालणंही त्यात येतं. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातले जवळपास ५० टक्के प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. पुरुषांमध्ये ते ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के आहे.

दुसरीकडे, आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

मग अ‍ॅपने फरक पडतो का?

पडतो, पण मर्यादित. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पावलं मोजणारी उपकरणं वापरणारे लोक दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालत होते.

खरा प्रश्न पुढचा आहे: हे टिकतं का? सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना पावलं मोजणारं उपकरण दिलं, काहींना सोबत रोख बक्षीसही. सहा महिन्यांनी बक्षीस थांबलं आणि त्या गटाची वाढलेली हालचालही ओसरली. वर्ष संपताना जेमतेम १० टक्के लोक ते उपकरण वापरत होते.

म्हणजे यंत्र मोजतं, पण रोज घराबाहेर काढणारं कारण देत नाही.

वारीत असं काय असतं?

दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि निघायची वेळही. सोबतचे लोक ओळखीचे असतात. कुणी मागे राहिलं तर लगेच लक्षात येतं. 'आज जाऊ की नको' हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. श्रद्धा तर असतेच.

श्रद्धा अ‍ॅपमध्ये घालता येत नाही. पण ठरलेली वेळ, सोबत आणि विचारपूस या तीन गोष्टी फोनवरून नक्की जमतात.

महागडं घड्याळ हवंच का?

नाही. हालचाल टिपणारा सेन्सर बहुतेक स्मार्टफोनमध्ये असतोच. केंद्र सरकारचं २०२१ मध्ये आलेलं 'फिट इंडिया' अ‍ॅपही मोफत आहे.

साधा मेसेजही उपयोगी पडतो. भारतात मधुमेहाचा धोका असलेल्या ५३७ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास झाला. आहार आणि व्यायामाबद्दल नियमित एसएमएस मिळालेल्या गटात १८ टक्के लोकांना मधुमेह झाला. मेसेज न मिळालेल्या गटात हे प्रमाण २७ टक्के होतं.

एक अडचण मात्र लक्षात ठेवायला हवी. फोन ओट्यावर ठेवून बाई दिवसभर घरात आणि रानात राबली, तर अ‍ॅपच्या लेखी ती बसूनच होती. त्यामुळे कमी आकडा म्हणजे आळस, असं नाही.

सुरुवात कशी करायची?

• १०,००० पावलांचं दडपण घेऊ नका. हा आकडा १९६५ च्या सुमाराला एका जपानी कंपनीच्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून लोकप्रिय झाला. साठीपुढच्या लोकांना ६,००० ते ८,००० पावलांतही मोठा फायदा होतो, असं संशोधन सांगतं.

• आधी आठवडाभर फक्त मोजा. मग त्यात रोजची ५००-१,००० पावलं वाढवा.

• चार-पाच जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. निघायची वेळ ठरवा. जो आला नाही, त्याला फोन करून विचारा.

• एक दिवस चुकला तर तो भरून काढायला दुप्पट चालू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकंच चाला.

हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनी नवं अ‍ॅप शोधण्याआधी उद्या सकाळी सोबत कोण येणार, हे ठरवलेलं बरं.