बक्षीस तुमचं, हात आमच्या पोरांचे

आज पाण्याची पाळी, खोडकिडा, भाव यावर काही नाही. आज जरा कडक लिहिणार आहे. ज्याला लागेल त्याला लागू दे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हौसेनं पाळलेला परदेशी साप सुटला, तर तो शोधायला गावातल्या माणसांना उसात घालू नये. बक्षीस लावून तर अजिबात नाही. आणि कुणी घातलं, तर गावानं सरळ नाही म्हणावं. त्यात माणुसकी सोडली असं होत नाही.

आता कारण ऐका. डिसेंबरात आमच्या शिवारात एका फार्महाऊसवरचा ‘बॉल पायथन’ सुटला. दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फोटोसकट मेसेज आला. ‘साप पूर्ण बिनविषारी आहे. चावत नाही. दिसल्यास न घाबरता अलगद उचलून पिशवीत ठेवा. आणून देणाऱ्यास ५,००० रुपये बक्षीस.’ मेसेज लिहिणारा माणूस वाईट नाही. जनावरावर त्याचा जीव होता, आवाज रडवेला होता. पण त्या चार ओळीत जेवढा धोका भरला होता तेवढा औषधाच्या डब्यावरच्या लाल त्रिकोणातही नसतो.

बॉल पायथन आफ्रिकेतला. अंगानं जाड, तपकिरी-काळा, त्यावर फिकट ठिपके, शेपूट आखूड. घाबरला की पळत नाही, जागेवर गोळा होऊन पडतो. म्हणून तर त्याला हे नाव. आता सांगा, जाड, तपकिरी, अंगावर ठिपके, शेपूट आखूड आणि माणूस जवळ आला तरी जागेवरून न हलणारा असा साप आपल्या पाचटात दुसरा कोण? घोणस. खुद्द आपल्या गावाकडची माणसं घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालतात आणि चावून घेतात. त्यात डुरक्या घोणस म्हणून बिनविषारी साप आहे तो वेगळाच घोळ. दिवसाउजेडी, डोळे फाडून बघितलं तर घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या बदामी ठिपक्यांच्या तीन ओळी दिसतात. डोकं तिकोनी. पण संध्याकाळी सहा वाजता, मोबाईलच्या बॅटरीत, पाचटाखाली निम्मा झाकलेला साप बघून ओळी मोजत बसणार कोण? आणि समोर ५,००० रुपये दिसत असताना?

घोणस चावली की काय होतं ते इथल्या बऱ्याच घरांना ठाऊक आहे. रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यातून, लघवीतून रक्त येतं, किडनीवर जातं. लस वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, पण कित्येकांना डायलिसिसवर दिवस काढावे लागतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यात बहुतेक गेली ती खेड्यातली. फार्महाऊसवर राहणाऱ्याला हा आकडा बातमीत दिसतो, आपल्याला तो भावकीत दिसतो.

त्या दिवशी शोधायला कोण गेलं ते बघा. गावातली आठ-दहा पोरं आणि उसतोड टोळीतली चार. टोळीतल्या पोरांना ५,००० म्हणजे एका कोयत्याची कित्येक दिवसांची मजुरी. दिवसभर मोळ्या बांधून थकलेली पोरं, पायात बूट नाहीत, कुणाच्या पायात फाटकी चप्पल. साहेब स्वतः बांधावर उभे, गुडघ्यापर्यंत गमबूट घालून, ‘दादा, तिकडं बघा, काका, त्या सरीत बघा’ म्हणत. मी बांधाला होतो. तासाभरानं एक पोरगा ओरडला, ‘सापडला!’ आणि वाकला. नशीब की त्या सापानं आधी आवाज दिला. कुकरची शिट्टी फुटावी तसा फुत्कार. टोळीचा मुकादम शेजारीच होता, त्यानं पोराची कॉलर धरून मागं ओढला. बॉल पायथन नव्हता, तीन फुटी घोणस होती. त्या क्षणी मुकादम नसता तर आज हा लेख वेगळा असता.

तरी शोध थांबला नाही. दुसऱ्या दिवशी एकाने धास्तीनं गोठ्याजवळची धामण काठीनं मारली. ग्रुपवर सापाचा फोटो फिरल्यावर प्रत्येक वळवळणारी गोष्ट संशयित झाली होती. धामण म्हणजे फुकटात राबणारा उंदरांचा पहारेकरी. ती मेली, त्याचा हिशेब कुणी धरला नाही. आणि बॉल पायथन? चौथ्या दिवशी फार्महाऊसमध्येच, फ्रिजच्या मागं, कॉम्प्रेसरच्या उबेला निवांत पडलेला सापडला. घराबाहेर तो गेलाच नव्हता.

यावर तिघांचं म्हणणं माझ्या कानावर आलं, त्यांना उत्तर देतो.

पहिलं म्हणणं: ‘कुणाचा बैल चुकला तर आपण शोधायला जातोच ना? मग शेजारधर्म कुठं गेला?’ बरोबर. बैल चुकला तर रात्री दोनला उठून जाऊ. पण बैल हाक मारली की कान टवकारतो, आणि बैल समजून हात लावावा असं विषारी जनावर शिवारात दुसरं नाही. शेजारधर्म डोळ्यानं करता येतो, फोननं करता येतो. दिसला तर लांबून कळवू. हात घालणार नाही. एवढा धर्म पुरेसा आहे.

दुसरं म्हणणं: ‘तो उंदीर खाणारा साप आहे, राहू दे शिवारात, शेतकऱ्याचा फायदाच.’ हे शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हणून जास्त वाईट वाटलं. बाहेरून आलेली गोष्ट ‘राहू दे’ म्हटल्यावर काय होतं ते शेतकऱ्याला शिकवू नका. गाजरगवत आपल्या बांधाचं नव्हतं. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ च्या आधी आपल्या देशात नव्हती, आता दर हंगामात पोंगे तपासतोय. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लोकांनी हौसेनं आणलेले ब्रह्मी अजगर सुटले, काही सोडले गेले, आणि आज तिथल्या दलदलीत ते पैदास करून बसलेत. सरकार त्यांच्या मागं माणसं आणि पैसा घालतंय, तरी संपत नाहीत. आपल्याकडच्या एका सापानं पैदास होत नाही, हे मान्य. पण एकाला ‘राहू दे’ म्हटलं की दहा जण सोडायला मोकळे होतात. आपल्या उंदरांना आपली धामण, आपलं घुबड पुरेसं आहे. त्यांना मारायचं थांबवा, आफ्रिकेतून मदत मागवायची गरज नाही.

तिसरं म्हणणं: ‘बिचाऱ्या मुक्या जनावराचा काय दोष?’ काहीच नाही. म्हणूनच सांगतो, तो आपल्या थंडीत उघड्यावर टिकायला आलेला नाही. दोष झाकण नीट न लावणाऱ्याचा आहे. आणि त्या मुक्या जनावराइतकाच कोपीतला बारा वर्षांचा पोरगाही मुकाच असतो. तो नाही म्हणू शकत नाही.

आता काय करायचं ते. नुसती टीका करून उपयोग नाही.

मालकानं आधी स्वतःचं घर शोधायचं. सुटलेला साप बहुतेक वेळा जवळच असतो. अरुंद, अंधारी, उबदार जागा बघा: फ्रिजच्या मागं, कपाटाखाली, सोफ्याच्या आत, इन्व्हर्टरजवळ. हा साप रात्री हिंडतो, म्हणून रात्री बॅटरी घेऊन बघा. उंबऱ्यावर, भिंतीकडेला पिठाचा पातळ पट्टा ओढा, साप गेला तर माग उमटतो. घर संपलं की कंपाउंड: विटांचा ढीग, सरपण, पाइपांची तोंडं. कंपाउंडच्या बाहेर गेला असं वाटलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि हुक-पिशवी असलेला जाणता सर्पमित्र बोलवा. मेसेज टाकायचाच तर असा टाका: ‘दिसल्यास लांब उभे राहा, हात लावू नका, फोन करा.’ बक्षीस द्यायचंच तर कळवणाऱ्याला द्या, पकडणाऱ्याला नको. एका शब्दाचा फरक आहे, पण त्यात कुणाचा तरी हात वाचतो.

आणि कागदपत्रं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्या अनुसूची ४ मधल्या परदेशी प्राण्यांची मालकानं सरकारकडे नोंद करायची आहे, त्याचे नियम २०२४ मध्ये आले, नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर होते. बॉल पायथन त्यात येतो. आपण सातबाऱ्यावर पीकपेरा लावायचा राहिला तर तलाठ्याकडं हेलपाटे घालतो. मग साप पाळणाऱ्याला नोंदीचा कागद विचारला तर त्यात अपमान कसला? ग्रामपंचायतीनं फार्महाऊसवाल्यांना एवढं विचारावंच: कुठलं जनावर आहे, नोंद आहे का, सुटलं तर कुणाला फोन करायचा.

उसतोड टोळ्यांच्या मुकादमांना वेगळी विनंती. असा मेसेज आला तर पोरांना वाचून दाखवू नका. पाचट उचलताना पायात बूट, हातात लांब काठी, अंधार पडल्यावर उसात कुणी नाही. कुणाला चावलंच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन, आणि लस असलेलं रुग्णालय. कुठल्या रुग्णालयात लस आहे हे हंगाम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा.

हौस करायला कुणाची ना नाही. आम्हीही बैलाला झूल घालतो, कोंबडा पाळतो. पण आमची हौस चुकून दुसऱ्याच्या रानात गेली तर नुकसान भरून देतो, आणि शोधायला आम्ही स्वतः चिखलात उतरतो. शहरातून येणाऱ्यांनी गावाकडून एवढं जरी घेतलं तरी खूप झालं.

पटलं तर तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. विशेषतः जिथं टोळ्या उतरल्यात तिथं.